भारद्वाज आणि डाळिंबातलं घरटं

खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा लागल्या, त्या दिवसापासून आमचं घर थोडं तिरकं झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाय उंचावर, डोकं खाली, आणि उठायचं ते अगदी गरजेपुरतं. बायकोला पाचवा महिना लागला होता. याआधी दोनदा आम्ही इथवरसुद्धा पोचलो नव्हतो. मी चाळिशीला टेकलो होतो, ती पस्तिशीत होती. आता नाही तर पुढे नाही, हे दोघांनाही कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

दुष्काळ पडला त्याच्या पुढचा तो उन्हाळा. श्रीरामपूरला रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती. मी साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो. नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही पहाटे, करंगळीएवढं. ते भरायचं, दोघांपुरता स्वयंपाक करायचा, तिचं सगळं उरकून सायकलवर कामाला जायचं, संध्याकाळी येऊन भांडी घासायची. दमलो हा शब्द मी त्या दिवसांत तोंडातून काढला नाही. दिवसभर पडून राहायची शिक्षा झालेल्या माणसासमोर आपण दमलो म्हणायची सोय नसते. पण मी फार दमलो होतो, आणि आपण दमलोय याचीही मला लाज वाटायची.

"आज भाजीत मीठ आहे?" ती विचारायची.

"आहे."

"मग कालचंही आजच घातलंत वाटतं."

असं काही बोलली की मला बरं वाटायचं. गप्प असली की मी घाबरायचो.

तिची खाट मी मुद्दाम मागच्या खोलीत, परसदाराशी लावली होती. दार उघडलं की समोर सगळं परस दिसायचं. फार काही नव्हतं. एक शेवगा, कढीपत्त्याचं झुडूप, कडेला मेंदीचं कुंपण आणि मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे एक डाळिंब. गावातली झाडं पिवळी पडली होती, पण भांड्यांचं, अंघोळीचं पाणी पिऊन आमचं परस हिरवं राहिलं होतं. त्यामुळे सगळ्या बाजूंची पाखरं आमच्याकडे यायची. चिमण्या, साळुंक्या, होले, आणि सातभाई, जे आले की चुलत्यांचं भांडण सुरू झाल्यासारखा कलकलाट करायचे. एक कोतवाल तारेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा. मोरीच्या तोंडाशी चिखल असायचा, तिथे चिमण्यांची अंघोळ चालायची. बायको हे दिवसभर बघायची आणि संध्याकाळी मला बातम्या द्यायची. आज साळुंकीने होल्याला हाकललं. आज कोतवालाने साक्षात कावळ्याला पिटाळलं. मी भांडी घासता घासता ऐकायचो.

भांडी झाली की मी तिला वाचून दाखवायचो. खाटेचा उतार उलटा असल्याने तिला पुस्तक धरून वाचता येत नसे, हात भरून यायचे. गावातल्या वाचनालयातून मी कादंबऱ्या आणायचो. आधी वाचून गेलेल्या लोकांनी समासात पेन्सिलीने शेरे मारलेले असायचे. एकाने चाळिसाव्या पानावर लिहून ठेवलं होतं, "पुढे काही होत नाही." ती खूप हसली. मग घाबरून पोटावर हात ठेवून गप्प झाली.

इथे मी एक गोष्ट तिच्या नकळत करायचो. वाचनालयात कपाटापाशी उभा राहून आधी पुस्तकाचा शेवट वाचायचो, मधली पानं चाळायचो. कुठे बाळंतपण, कुठे पाळणा, कुठे मूल दगावलं असं काही दिसलं की पुस्तक परत फळीवर ठेवायचो. मराठी कादंबऱ्यांत किती मुलं मरतात ते मला तेव्हा कळलं. ग्रंथपाल चष्म्यावरून बघायचे. मी उभ्या उभ्या सगळं वाचून टाकतो आणि मग पुस्तक नेतच नाही, असा त्यांचा समज झाला होता.

चैत्राच्या सुरुवातीला बायकोनेच डाळिंबातलं घरटं शोधलं. बुलबुलाची जोडी गवताच्या काड्या, मुळं, कोळ्याचं जाळं घेऊन ये-जा करत होती. माझ्या छातीएवढ्या उंचीवर, दोन फांद्यांच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं झालं. मी वाकून बघितलं तेव्हा आत तीन अंडी होती, गुलाबी, वर तांबडे शिंतोडे उडालेली. तिला सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. "मांजराकडे लक्ष ठेवा," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिचा जीव त्या वाटीत अडकला. घरटं सुखरूप राहिलं तर आपलंही होईल, असा तिने मनाशी हिशोब मांडला असावा. मीही तोच मांडला होता.

त्याच सुमाराला माझी आई आली. ती पाथर्डीकडच्या आमच्या गावी थोरल्या भावापाशी राहायची. तिकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, बायका डोंगरापलीकडून पाणी आणत होत्या. आई आली, पदर खोचला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पहिल्याच दिवशी मी केलेली आमटी चाखून म्हणाली, "ह्यावर पोरीला इतकं दिवस ठिवलं व्हय? उठून पळाली न्हाई हे नशीब." माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मी त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोपलो.

आईच्या पाठोपाठ भारद्वाज आला, असं म्हणायला हरकत नाही. एका सकाळी मेंदीच्या कुंपणाखालून तो बाहेर आला. काळाभोर, पंख विटकरी-तांबूस, डोळे गुंजेसारखे लाल. उडत नव्हता, पायी पायी चालत होता, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. आईने चुलीपुढून ते बघितलं आणि हात वर केला.

"हलू नगा कुनी! आक्षी गप बसा."

आम्ही तिघं होतो तिथे थिजलो. मी बादली हातात धरून उभा. आईने डोळे मिटून ओठ हलवले. आमच्याकडे भारद्वाज दिसणं शुभ मानतात हे सांगायला नको. दिसला की दिवस चांगला जातो, मनात धरलेलं काम होतं. मी शिकलेला माणूस, वाचनालयाचा सभासद, एरवी आईच्या असल्या गोष्टींवर हसणारा. तरीही बादली हातात धरून मीसुद्धा मनात एक गोष्ट धरली. ती कोणती हे लिहायची गरज नाही.

तो रोज येऊ लागला. आईला आनंद मावेना. शेजारणींना सांगून झालं. "माझ्या सुनंसाठी येतोय त्यो. रोज! असं कुठं बघितलंय का?" तो आला की घरात चिडीचूप. पाणी ओतायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. बायको खाटेवरून मान वळवून बघायची. तिच्याही चेहऱ्यावर थोडा उजेड यायचा. घरात बऱ्याच दिवसांनी तिघंही एकाच गोष्टीवर खूश होतो.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती. आई-बाप चोचीत किडे घेऊन फेऱ्या घालत होते.

एका सकाळी बायको अजून झोपेत होती. आई दूध आणायला गेली होती. मी मोरीजवळ घागर विसळत होतो. भारद्वाज शेवग्यावरून डाळिंबात शिरला. पानं हलली. बुलबुल दोन्ही बाजूंनी ओरडत त्याच्यावर झेप घेत होते. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीत एक उघडं, गुलाबी पिल्लू लोंबत होतं. तो कुंपणावर बसला, मान एकदा झटकली आणि उडून गेला. मी जाऊन घरटं बघितलं. दोन राहिली होती.

मला काय करायचं ते माहीत होतं. लहानपणी कोंबडीच्या खुराड्याभोवती आम्ही काट्याच्या फांद्या रचायचो. तेवढंच करायचं होतं. बुलबुल काट्यांतून सहज आत जातो, भारद्वाजाएवढ्या पाखराला जाता येत नाही. लाइनीच्या कडेला बाभळी होत्याच. घागर भरायच्या वेळात काम झालं असतं.

मी केलं नाही. काटे लावले तर तो यायचा बंद होईल, हे माझ्या मनात आलं. आईचे मिटलेले डोळे, बायकोच्या चेहऱ्यावरचा तो थोडा उजेड, आणि माझी मनात धरलेली गोष्ट, हे सगळं त्याच्या येण्यावर उभं होतं. दुसऱ्याच्या घरट्यातलं गेलं तर जाऊ दे, आमच्याकडचा शकुन मोडायला नको. इतक्या स्पष्ट शब्दांत मी तेव्हा विचार केला नव्हता. पण वागलो तसाच. घागर उचलून आत आलो.

"पिल्लं बरी आहेत ना?" बायकोने उठल्यावर विचारलं.

"आहेत की," मी म्हणालो. दोन होती, म्हणजे खोटं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत काढली.

चार-सहा दिवसांनी रविवार आला. दुपारची जेवणं झाली होती. मी खाटेशेजारी भिंतीला टेकून वाचून दाखवत होतो, आई दाराशी बसून तांदूळ निवडत होती. बुलबुल एकदम कर्कश ओरडू लागले. मी वर बघितलं नाही. मला माहीत होतं काय चाललंय. मी वाचत राहिलो. आवाज थोडा वाढवला, हेही मला आठवतं.

आईने हात वर केला. "गप. आलाय."

"अहो," बायको म्हणाली, "तो घरट्यात तोंड घालतोय."

मी थांबलो.

"अहो, पिल्लू नेतोय तो! हाकला ना त्याला! आई, हाकला!"

"शुभाचं पाखरू हाय त्ये, पोरी, त्याला—"

"थांब," मी म्हणालो. बायकोला म्हणालो की आईला, ते आज मला सांगता येत नाही. पण मी जागचा हललो नाही.

ती उठली. उलट्या उतारावरून, कोपरावर जोर देऊन, पाय विटांच्या बाजूने खाली टाकून. उशाचं फुलपात्र उचललं आणि दारातून फेकलं. टाळ्या वाजवत, ओरडत, अनवाणी त्या तापलेल्या परसात गेली. भारद्वाज दोन्ही पंख पसरून कुंपणापलीकडे गेला. चोच रिकामी नव्हती. बायकोने फांदी वाकवून घरटं बघितलं. दुसरं पिल्लू मधल्या दिवसांतच गेलं असावं, आत काही नव्हतं. तिने फांदी सोडून दिली.

आई कपाळाला हात लावून बसली. "पायानं चालत घरी आलेलं शुभ. टाळ्या वाजवून हाकललं गं बाई."

मी बायकोला धरून आत आणलं, पाय विटांच्या बाजूला केले, पांघरूण घातलं. फुलपात्राला पोचा पडला होता. ते पुसून मी पुन्हा उशाशी ठेवलं.

त्यानंतर पंधरवडाभराने आमचं मूल गेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "उठल्यामुळे झालं, असं मनात आणू नका. तिच्याही मनात येऊ देऊ नका. ते वाढतच नव्हतं." मी मान हलवली. घरी आल्यावर ते बायकोला सांगितलंही, पण अशा आवाजात, की जणू मीच तिला मोठ्या मनाने माफ करतोय. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

शेजारच्या बायका भेटायला यायच्या. आई पुढच्या खोलीत बसून सांगायची. आईला वाईट नव्हतं वाटत असं नाही. रोज पहाटे ती सुनेसाठी डिंकाचं काही तरी करत बसायची, डोळे पुसायची. पण माणसाला कारण लागतं, आणि तिला ते मिळालं होतं. "रोज येत हुता हो भारद्वाज. मी म्हनत हुते, हलू नका. पर हिनं हाकलला." बायका हळहळायच्या. मी तिथेच पेपर तोंडासमोर धरून बसलेला असायचो. मधल्या भिंतीला वरून फट होती. पलीकडच्या खाटेवर प्रत्येक शब्द ऐकू जायचा. एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. मी पेपरातल्या धरणांच्या पातळ्या पुन्हा वाचायचो.

विटा काढल्या. खाट सरळ झाली. बायकोने ती परसदारापासून हलवून आतल्या भिंतीला लावायला सांगितली. पाखरांच्या बातम्या बंद झाल्या. मी एक पुस्तक आणलं, शेवट बघून, नेहमीसारखं. ती म्हणाली, "नको. डोकं दुखतं." मी तेही पुस्तक न वाचता परत केलं. उठून ती घरकाम करू लागली होती, माझ्या आमटीवर आता कुणी काही बोलत नव्हतं, कारण मी स्वयंपाक करत नव्हतो. घरात तिघं, आणि बोलणं पाणी आलं का, दूध तापवलं का, एवढंच. मी ऑफिसातून येताना सायकल हळू चालवायचो. लवकर घरी पोचायची भीती वाटायची.

वैशाखातली एक सकाळ. सुट्टी होती. बायको मोरीवर कपडे आपटत होती, मी दाढीचं पाणी घेऊन दारात बसलो होतो. तो कुंपणाखालून आला. तसाच, पायी पायी, मेंदीच्या कडेकडेने.

"हलू नका!" आई आतून कुजबुजली. तिच्या आवाजात केवढी आशा होती. "आला गं बाई परत. पोरी, कपडं खाली ठिव. हलू नको."

बायकोचा हात कपडा धरून वरच थांबला. ती हलली नाही. हलायचं नाही, हे ती शिकली होती.

मी उठलो. दाढीचं पाणी त्याच्या दिशेने फेकलं, वाटीसकट. टाळ्या वाजवल्या, हाऽऽ हाऽऽ करत कुंपणापर्यंत धावलो. अर्ध्या तोंडाला साबण, अंगात बनियन. तो उडून गेल्यावरही मी टाळ्या वाजवत होतो.

"याड लागलं का तुला?" आई बाहेर आली. "आता तू बी?"

"आई, मी आधी बघितलं होतं," मी म्हणालो. "हिने हाकलला त्याच्या आधी. पहिलं पिल्लू नेताना मी इथेच होतो, घागर विसळत. मी कुणाला सांगितलं नाही. हिच्यावर काही घालू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या मूल वाढतच नव्हतं. आणि घरट्याला काटे मी लावायला हवे होते, ते मी लावले नाहीत."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

बायकोने हातातला कपडा दगडावर ठेवला. "का नाही लावले?"

"तो यायचा बंद झाला असता."

मोरीचं पाणी डाळिंबाकडे वाहत होतं. मला वाटलं आता ती उठून आत जाईल, आणि हे असंच राहील, कायमचं. ती उठली, पण आत गेली नाही. मेंदीच्या कुंपणापाशी जाऊन तिने एक फांदी बोटभर बाजूला केली. आत वाटीएवढं घरटं होतं, ताजं, आणि त्यात बुलबुलाची मादी चिकटून बसली होती.

"आठ-दहा दिवस झाले," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नव्हतं."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तोंड पुसलं आणि कोयता घेऊन निघालो. मागून दारातून आईचा आवाज आला, रागावलेलाच, "बाभळीचं न्हाई, बोरीचं आन. वाकडा काटा असतो, लई धरतो त्यो."

बोरीच्या फांद्या आणल्या, मेंदीत गुंतवल्या. हातभर ओरखडे आले. बायको मागे उभी राहून सांगत होती, इथे फट राहिली, हे थोडं खाली घ्या, तिला यायला वाट ठेवा. मादी घाबरून उडाली होती. आम्ही दाराशी जाऊन बसलो, ती परत येते का बघत. आईही येऊन आमच्या मागे उभी राहिली. आली ती, पण पुष्कळ वेळाने. दोनदा काट्यांवर बसून उडाली, मग आत शिरली.

संध्याकाळी मी वाचनालयात जायला म्हणून पिशवी घेतली आणि दाराशी घुटमळलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली,

"आणा एखादं. पण शेवट बघून आणू नका. जे असेल ते वाचा."